पाइन बॅरन्सची पहिली फेरी: वाळू, चहासारखं पाणी आणि लीड्सचा सैतान

न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवेवरून अटलांटिक सिटीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ तीच ती काळपट, वेडीवाकडी पाइनची झाडं मागे पडत राहतात. एडिसन, आयसेलिन, प्लेन्सबरोच्या बहुतेक मराठी घरांची दक्षिण जर्सीच्या या पाइन बॅरन्स जंगलाशी ओळख तेवढीच असते. झाडांच्या त्या भिंतीपलीकडे सुमारे ११ लाख एकरांचा राखीव प्रदेश आहे, म्हणजे न्यू जर्सीच्या जमिनीचा जवळजवळ २२ टक्के भाग. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने तो राष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. सात काउंट्यांत तो पसरलाय. एडिसनहून निघालं तर दीडेक तासात तुम्ही त्याच्या मध्यावर असता.

लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. एक दिवस पाण्यावर, जमलं तर दुसरा दिवस पायी, असं धरून लिहिलंय.

आधी वाळू समजून घ्या

इथलं सगळं वाळूवरून ठरतं. समुद्राने मागे ठेवलेली ही जाडी वाळू पाऊस धरून ठेवत नाही. पाणी सरळ खाली उतरतं आणि कर्कवुड-कोहॅन्सी नावाच्या भूजलसाठ्यात जमतं. हा साठा १७ लाख कोटी गॅलन इतका मोठा असल्याचा अंदाज आहे. वरची माती त्यामुळे कोरडी, आम्लधर्मी आणि निकस राहते. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांना तिच्यात गहू पिकवता आला नाही, म्हणून त्यांनी या भागाला ‘बॅरन्स’ म्हटलं, म्हणजे ओसाड. क्रॅनबेरी आणि ब्लूबेरीला मात्र हीच आंबट माती मानवते. आज बाजारात मिळणारी लागवडीची ब्लूबेरी इथल्याच व्हाइट्सबॉग गावात एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली झुडपांमधून निवडून तयार केली. तिचं पहिलं विक्रीचं पीक १९१६ साली निघालं.

नद्यांना पाणी मिळतं ते याच साठ्यातून, झिरपून. त्यामुळे पावसाळी ओढ्यासारखा लोंढा इथे क्वचितच येतो, आणि उन्हाळ्यातही नद्या सहसा आटत नाहीत. नवख्यांना कनू (वल्ह्याची लांबट होडी) वल्हवायला या नद्या बऱ्या पडतात त्या यामुळेच.

पाण्याचा रंग पाहून दचकू नका. पांढऱ्या भांड्यात घेतलं तर ते फिक्या कोऱ्या चहासारखं दिसतं. कंबरभर खोलीवर तेच पाणी तांबूस आणि त्याहून खोल गेलं की काळंभोर. काठावरच्या पांढऱ्या सीडरच्या आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या टॅनिनने आणि लोहाने हा रंग येतो, घाणीने नाही. काठाच्या संथ डबक्यात कधी तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसेल. त्याला काडी लावून बघा. तवंग काचेसारखा तुकड्या-तुकड्यांत फुटला, तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. काडीभोवती फिरून पुन्हा जुळला, तर ते खरोखरच कुणाच्या तरी इंजिनाचं तेल.

कधी जायचं

मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर हा काळ सगळ्यात सोयीचा. डास-माश्या कमी झालेल्या असतात, पाणी अजून फार गारठलेलं नसतं, आणि ऑक्टोबरात क्रॅनबेरीची तोडणी चालू असते. शेतात पाणी सोडून झुडपं हलवली की फळं तरंगून वर येतात आणि शेताचं लालभडक तळं होतं. बहुतेक शेतं खासगी आहेत, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, बांधावर चढू नका. व्हाइट्सबॉग मात्र ब्रेंडन टी. बर्न स्टेट फॉरेस्टमध्ये येतं, तिथे मोकळेपणी फिरता येतं.

मे-जूनमध्ये ऑर्किड फुललेले असतात आणि रात्री पाइन बॅरन्स ट्री फ्रॉग ओरडतो. जांभळ्या पट्ट्याचा हा हिरवा बेडूक अंगठ्याएवढाच असतो, आणि आवाज मात्र बदकाने नाकातून ओरडावं तसा. पण याच दिवसांत डास, डीअर फ्लाय आणि गोचिडी सगळे एकदम जागे होतात. एप्रिलचं ऊन फसवं असतं. हवा २२ अंश आणि पाणी अजून गारठलेलं, अशात उलटलेली कनू गमतीची राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल, तर पहाटे निघून दुपारी दोनपर्यंत पाण्याबाहेर या.

शरद ऋतू ते हिवाळा हा शिकारीचाही हंगाम. त्या दिवसांत झगझगीत नारिंगी टोपी किंवा बिनबाह्यांचं जाकीट घातल्याशिवाय पायवाटेवर पाऊल टाकू नका. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही घाला.

कुठून शिरायचं, आणि गाडी कुठे फसते

पहिल्या फेरीत मुक्काम धरा बॅट्स्टो गावाचा. वॉर्टन स्टेट फॉरेस्टचं हे मुख्य ठाणं, रस्ता क्रमांक ५४२ वर. माहिती केंद्र, स्वच्छतागृह, कागदी नकाशे, सगळं एकाच जागी मिळतं. गाव स्वतःच बघण्यासारखं आहे. १७६६ साली चार्ल्स रीड याने इथे लोखंडाची भट्टी उभी केली. आम्लयुक्त पाणी वाळूतलं लोह विरघळवून आणतं आणि दलदलीच्या काठी ते गेरूसारखं साचतं. ते खणून काढायचं, पाइनच्या लोणारी कोळशावर वितळवायचं, आणि मळ काढायला शिंपले टाकायचे, अशी ही भट्टी चालायची. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याला तोफगोळे इथूनही गेले. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या दगडी कोळशापुढे ही भट्टी टिकली नाही. मग काच करून बघितली, तीही बंद पडली, आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ वॉर्टन याने गावासकट जंगल विकत घेतलं. त्याच्या डोक्यात इथलं पाणी फिलाडेल्फियाला न्यायचं होतं. राज्याने कायदा करून ते अडवलं, आणि १९५० च्या दशकात ती सगळी जमीन सरकारकडे आली.

आता रस्ते. या जंगलात नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती पाण्यात होत नाही, फोनच्या नकाशावर होते. अ‍ॅटसायनहून (वॉर्टनमधलंच दुसरं ठिकाण) बॅट्स्टोला जायचं म्हटलं की फोन कधीकधी क्वेकर ब्रिज रोड सुचवतो, सरळ आणि जवळचा. तो आहे वाळूचा. सुरुवातीचा अर्धा मैल घट्ट लागतो, मग पिठीसाखरेसारखी वाळू येते आणि तिच्यामध्ये पावसाने भरलेली, किती खोल ते न कळणारी डबकी. टोयोटा कॅमरी तिथे पोटावर बसते. डांबरी रस्ता धरा: रस्ता क्रमांक २०६ ने हॅमंटनपर्यंत खाली या, तिथून ५४२ ने पूर्वेला बॅट्स्टो. थोडं लांब पडतं, पण पोहोचता.

तरीही चाक रुतलंच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. आधी गाडीतल्या माणसांना उतरवा. मग चाकांपुढची वाळू हाताने किंवा फावड्याने काढा, टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली पायपुसणी सारा आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश काढा. डांबरावर आल्यावर हवा परत भरायला लागते, तेव्हा गाडीत पंप हवा. वॉर्टनमध्ये कुठल्या वाटांवर वाहन चालतं याचा अधिकृत नकाशा आहे. त्यात नसलेल्या वाटेवर गाडी घातली तर दंड होतो.

जंगलाच्या आत फोनला रेंज तुटक मिळते. नकाशा घरूनच उतरवून घ्या, शिवाय कागदी जवळ ठेवा. वाळूच्या सगळ्या वाटा सारख्या दिसतात, दोन्हीकडे तीच झाडं, उंचसखल काही नाही, खूण म्हणून धरावी अशी टेकडी नाही. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात. इथे तो भरदुपारी लागतो. उपायही तोच, आजोळी सांगतात तो: थांबा, बसा, आल्या वाटेने मागे फिरा. ‘इकडूनच निघत असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

पाण्यावरचा दिवस

पहिल्यांदा जाताना ऑस्वेगो नदी निवडा. पेन स्टेट फॉरेस्टमधल्या ऑस्वेगो तळ्यावरून निघून हॅरिसव्हिल तळ्यावर उतरायचं, अंतर सुमारे सात मैल, थांबत-खात चार ते पाच तास. नदी दहा-पंधरा फूट रुंद, वळणावळणाची, बहुतेक ठिकाणी छातीच्या आत खोल. अ‍ॅटसायनहून प्लेझंट मिल्सकडे जाणारी मलिका नदी जास्त रानटी आणि जास्त सुंदर आहे, पण तिच्यावर पडलेली झाडं आणि बीव्हरचे बांध असतात, कनू उचलून पलीकडे न्यावी लागते आणि अख्खा दिवस जातो. ती दुसऱ्या वर्षी.

आसपासच्या गावांत कनू-कयाक भाड्याने देणारे आहेत. तेच तुम्हाला वरच्या बाजूला सोडतात. गाडी आधी उतरण्याच्या जागी लावून घेतली तर शेवटी कुणाची वाट पाहावी लागत नाही. शनिवार-रविवारसाठी आठवडाभर आधी ठरवा.

दोघांसाठी सामान: प्रत्येकी दोन लिटर पाणी (उन्हाळ्यात तीन), खाणं, सुके कपडे आणि टॉवेल पाणबंद पिशवीत, गाडीची किल्ली त्याच पिशवीत आतल्या खिशाला अडकवून, पंधरा फूट दोरी, प्रथमोपचार. पिशवीचं तोंड निदान तीनदा गुंडाळून मगच चाप लावा, एका घडीवर पाणी आत जातं. पिशव्या कनूच्या आडव्या दांडीला बांधा, नाहीतर उलटल्यावर डबा आधी आणि तुम्ही नंतर हॅरिसव्हिलला पोहोचाल. पायात मागून बंद असणारे सँडल किंवा जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात. नदीचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला हवंच. न्यू जर्सीच्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घालूनच बसावं लागतं. मोठ्यांनी ते बसायला घेऊ नये, घालावं. आणखी एक: राज्याच्या जंगलांत दारूला बंदी आहे, कूलरमधल्या बिअरलाही.

वल्हवायचं असं:

१. जड माणूस मागे, हलका पुढे. मागचा दिशा देतो, पुढचा जोर लावतो. दोघांनी एकाच बाजूला वल्हं मारलं की कनू गोल फिरते. पहिल्या वीस मिनिटांतली नवरा-बायकोची भांडणं बहुतेक यावरूनच होतात.

२. चढताना आधी मध्ये पाय, दोन्ही हात दोन्ही कडांवर, मग बसा. उभं राहून फोटो काढू नका.

३. वळण आलं की आतल्या काठाकडे राहा. प्रवाह बाहेरच्या काठाकडे ढकलतो, आणि पडलेली सीडरची झाडं तिथेच असतात. वळणाच्या आधीच वळायला सुरुवात करा, वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो.

४. फांदीखालून जाताना पुढे वाका, बाजूला नाही. फांदी हाताने धरू नका. कनू पुढे जाते आणि तुम्ही तिथेच लटकता.

५. प्रवाहाने कनू आडवी होऊन ओंडक्याला टेकली, तर अंग ओंडक्याकडे झुकवा, त्याला जवळजवळ मिठी मारा. माणूस घाबरून उलट बाजूला, म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे झुकतो. त्याने ती कड बुडते आणि तीन सेकंदांत कनू भरते. इथल्या दहांतल्या नऊ गटांगळ्या अशाच.

६. पडलातच तर कनूच्या वरच्या अंगाला राहा, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला. भरलेली कनू शेकडो किलोंची होते. ती आणि ओंडका यांच्यामध्ये पाय सापडू देऊ नका.

शेवटचा पट्टा हॅरिसव्हिल तळ्याचा. प्रवाह संपतो, समोरून वारा येतो आणि हात दुखत असतात. यासाठी थोडी ताकद आणि अर्धी पोळी राखून ठेवा. जवळच जुन्या कागदगिरणीचे पडके अवशेष आहेत. भिंती सैल आहेत, कुंपणाबाहेरूनच पाहा.

गोचिडी: इथे कंटाळा करू नका

अस्वल किंवा सापापेक्षा या जंगलात जास्त त्रास तिळाएवढ्या गोचिडीचा होतो. डीअर टिक लाइम हा आजार देते. लोन स्टार टिक चावल्यावर काहींना लाल मांसाची ॲलर्जी होते, तेव्हा मटणावर प्रेम असणाऱ्यांनी जरा जास्तच जपावं.

आदल्या दिवशी पँट, मोजे आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) फवारा आणि पूर्ण वाळू द्या. ते कपड्यांसाठी असतं, अंगावर लावायचं नाही. उघड्या त्वचेला २० ते ३० टक्के डीट असलेलं कीटकरोधक. कपडे फिक्या रंगाचे, पँट मोज्यांत खोचलेली. वाईट दिसतं, पण दिसू दे. वाटेच्या मधोमध चाला, कारण गोचीड गवताच्या टोकाशी पाय पसरून वाट बघत असते, झाडावरून उडी मारत नाही.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. आधी धुतले तर गोचीड जिवंत राहू शकते. दोन तासांच्या आत अंघोळ, आणि मग काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, बेंबीत आणि केसांत बघायचं, मुलांचं मोठ्यांनी. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, नेलपॉलिश, पेटती काडी हे प्रकार करू नका, वेळ जातो आणि ती आतलं सगळं तुमच्या रक्तात सोडू शकते. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका. पॉयझन आयव्हीची खाज खाजकुइलीपेक्षा लांबते, दोन-तीन आठवडे. साप दिसला तर दोन मीटर मागे व्हा. इथला पाइन स्नेक बिनविषारी आहे, पण शेपटी पानांवर आपटून खुळखुळ्या सापाची नक्कल छान करतो.

पायी आणि आगीविषयी

बटोना ट्रेल ही सुमारे ५३ मैलांची पायवाट, झाडांवर गुलाबी खुणा. नवख्यांसाठी तिचा एक तुकडा: करांझा स्मारकापासून ॲपल पाय टेकडीपर्यंत चार मैल जाऊन तेवढेच परत. एमिलिओ करांझा हा मेक्सिकोचा तरुण वैमानिक जुलै १९२८ मध्ये न्यूयॉर्कहून मायदेशी परतताना वादळात इथे कोसळला. त्याच्या स्मरणार्थ अजूनही दर जुलैत लोक जमतात. टेकडी जेमतेम दोनशे फुटांची आहे. सह्याद्रीत वाढलेल्याला हसू येईल, पण इथली उंच जागा ती हीच.

वाटेत एका पिच पाइनपाशी थांबा. साल जाड, खवल्यांची, खाली कोळशासारखी काळी. मग नजर वर न्या: खोडातूनच, फांदी नसलेल्या जागी, हिरव्या सुयांचे झुबके फुटलेले दिसतील. आगीत शेंडा जळला की झाड सालीखाली झोपलेल्या कोंबांतून पुन्हा उगवतं. काही झाडांचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात, आग लागून राळ वितळली की मगच उघडतात आणि मोकळ्या राखेत बी टाकतात. या जंगलाला आग हवी असते. म्हणून हिवाळ्यात वनखातं मुद्दाम, ठरवून ती लावतं. धूर दिसला आणि फलक लावलेला असेल तर घाबरू नका.

न सांगता लागलेली आग वेगळी. एप्रिल १९६३ मधल्या एका शनिवार-रविवारी राज्यात १,८३,००० एकर जळालं. वसंतात पानं फुटायच्या आधी, कोरडा वारा सुटला की धोका सगळ्यात जास्त. निघायच्या सकाळी त्या दिवसाचे आगीचे निर्बंध बघा. तिसऱ्या टप्प्याचे असतील तर लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद, फक्त जमिनीपासून उंच ठेवलेली गॅसची शेगडी चालते. भाकरी-वांग्याचा बेत असेल तर तो आधीच बदलून घ्या.

दंतकथा, आणि त्यांची ठिकाणं

सगळ्यात गाजलेली कथा जर्सी डेव्हिलची. १७३५ साली लीड्स नावाच्या बाईला तेरावं मूल व्हायचं होतं. वैतागून ती म्हणाली, ‘हे सैतानच होवो’, आणि झालंही तसंच: घोड्याचं तोंड, वटवाघळाचे पंख, खुरं, आणि ते धुराड्यातून उडून जंगलात गेलं. खरी माणसं शोधली तर डॅनियल लीड्स सापडतो. त्याने १६८७ मध्ये पंचांग छापलं, त्यातल्या ज्योतिषावरून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी बिथरली, आणि भांडण इतकं वाढलं की त्याला सैतानाचा हस्तक ठरवण्यापर्यंत गेलं. त्याचा मुलगा टायटन पुढे तेच पंचांग काढू लागला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पंचांगात त्याच्या मरणाची तारीख जाहीर करून टाकली, आणि तो जिवंत राहिल्यावरही ‘मेलाच आहे’ म्हणून चिडवत राहिला. त्या घराण्याच्या चिन्हावर पंखवाले ड्रॅगन होते. आता कथा पुन्हा वाचा.

जानेवारी १९०९ मध्ये आठवडाभर वर्तमानपत्रांत त्याच्या खुरांच्या खुणा गाजल्या, आणि फिलाडेल्फियात एका तिकिटाच्या संग्रहालयाने रंगवलेल्या कांगारूला खोटे पंख चिकटवून तो ‘पकडलेला’ सैतान म्हणून दाखवला. कोकणातल्या देवचाराशी तुलना करायचा मोह होतो, पण आपला देवचार गावाची राखण करतो, वेळप्रसंगी वाट दाखवतो. लीड्सचा सैतान कुणाच्या उपयोगी पडल्याचं कुणी सांगत नाही. लीड्स पॉइंटला जाऊ शकता, पण तिथे माणसं राहतात. पडकं घर शोधायला कुणाच्या अंगणात शिरू नका.

आमच्या मते यापेक्षा चांगली गोष्ट डॉ. जेम्स स्टिल यांची, आणि ती खरी आहे. १८१२ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा शाळेत फार शिकला नाही, झाडपाल्याची औषधं मात्र शिकला आणि ‘पाइन्सचा काळा डॉक्टर’ म्हणून गोरे रोगीही त्याच्या दारी येऊ लागले. मेडफर्डमध्ये त्यांचं कार्यालय आजही आहे. लोकांशी बोलताना एक जपा: ‘पायनी’ हा शब्द इथले काही जण स्वतःसाठी अभिमानाने वापरतात, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच शब्दाने त्यांना मतिमंद ठरवलं गेलं होतं. तो त्यांनी वापरावा, आपण नाही.

क्वेकर ब्रिजची कथा अशी: वादळी रात्री घोडागाडी पुलाकडे येत होती, समोर पांढरं हरीण आडवं उभं राहिलं आणि घोडे थबकले. गाडीवान उतरून बघतो तर हरीण नाहीसं, आणि पुढे पूल वाहून गेलेला. संध्याकाळी ५६३ किंवा २०६ वरून परतताना तुम्हालाही हरणं दिसतीलच, पांढरी नव्हे, करडी, आणि ती थांबवायला नाही, आडवी यायला येतात. नोव्हेंबर माजाचा महिना, तेव्हा सगळ्यात जास्त. वेग कमी ठेवा, समोरून कुणी नसेल तेव्हा हाय बीम लावा, आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं म्हणून लगेच वेग वाढवू नका. मागून दुसरं येत असतं.